घाटमाथ्यावर एकच स्टेशन दोनदा

मुंबईहून निघालेल्या गाडीत ९८.३ लागलेले असते. खोपोली मागे पडते, घाट सुरू होतो आणि गाण्यात खरखर शिरते. एका वळणावर ते पार पुसले जाते, पुढच्या वळणावर परत येते, बोगद्यात पुन्हा गडप होते. खंडाळा ओलांडून लोणावळ्यात शिरेपर्यंत मात्र आवाज एकदम स्वच्छ झालेला असतो. चालकाने बटणाला हातही लावलेला नसतो. आकडा तोच, जिंगल तीच, बोलण्याचा ठेका तोच, आणि योग जुळला तर गाणेही तेच. फरक कळतो तो जाहिरात लागल्यावर. मघाशी पनवेलजवळच्या फ्लॅटची होती, आता लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांची आहे. मुंबईचे स्टेशन कुठे संपले आणि पुण्याचे कुठे सुरू झाले, हे घाटमाथ्यावर फक्त जाहिरातदारच सांगू शकतो.

यात जादू काही नाही. रेडिओ मिर्ची मुंबईतही ९८.३ वर आहे आणि पुण्यातही. रेडिओ सिटीचे ९१.१ आणि रेड एफएमचे ९३.५ हे आकडे दोन्ही शहरांत तेच. एकाच आकड्यावर दोन केंद्रे ऐकू येऊ लागली की एफएमचा रेडिओ दोघांचा काला करत नाही. ज्याचा जोर जास्त, त्याला धरतो आणि दुसऱ्याला सोडून देतो. शिवाय एफएमच्या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून द्रुतगती मार्गावर खणखणीत वाजणारे पुण्याचे स्टेशन पवन मावळातल्या किंवा नाणे मावळातल्या एखाद्या खोलगट गावात नुसते घोगरे बोलते. आकाशवाणी पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झवरची जुनी मध्यम लहर मात्र जमिनीला धरून चालते, त्यामुळे डोंगरामागेही पोचते. आता तो जुना रेडिओ घरात किती जणांच्या उरला आहे, हा भाग वेगळा.

पुण्यासारख्या मोठ्या शहरात हिट गाण्यांचे आणखी एक स्टेशन काढावे का, हा प्रश्न रेडिओच्या धंद्यात अधूनमधून डोके वर काढतो. शहर वाढते आहे, हिंजवडी आणि पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर माणसे तासन्‌तास गाडीत बसून असतात, तरुणांची संख्या मोठी आहे. मग एका नव्या स्पर्धकाला जागा का नसावी, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब पुण्यात बसून पटण्यासारखा वाटतो. लोणावळ्यात बसून पाहिले की त्यातली चूक दिसते. आज जशी आहेत तसलेच आणखी एक स्टेशन काढण्यात ना धंदा आहे, ना श्रोत्याचा फायदा.

स्पर्धेने रेडिओचे भले होते, हे खरे आहे आणि त्याचा सर्वांत चांगला दाखला आपल्याच देशातला आहे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांना चित्रपटगीते आकाशवाणीच्या इभ्रतीला शोभत नाहीत असे वाटत होते. त्यांच्या काळात ही गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी निषेधाची पत्रे लिहिण्यापेक्षा सोपा उपाय केला: सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ त्यांनी खिशात घातली. शेवटी सरकारलाच शहाणपण सुचले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती घ्यायला सुरुवात झाली, ती मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर. देशातल्या सरकारी रेडिओने पहिली जाहिरात विकली ती अशी महाराष्ट्रात, आणि त्यात पुणेही होते, ही गोष्ट पुणेकरांनी फारशी मिरवलेली दिसत नाही. एरवी ते संधी सोडत नाहीत.

पण सिलोन जिंकले ते कशामुळे? इथे जे मिळत नव्हते ते तिथे मिळत होते म्हणून. आकाशवाणीसारखेच दुसरे शास्त्रीय संगीताचे केंद्र कोलंबोत उघडले असते, तर त्याची आठवण कुणी ठेवली नसती.

लोणावळ्याच्या बाजारपेठेत फिरताना एक गोष्ट परक्या माणसाला बुचकळ्यात टाकते. चिक्कीचे दुकान, त्याला लागून चिक्कीचे दुकान, समोर चिक्कीचे दुकान. शेंगदाणा, काजू, तीळ, राजगिरा. पाटीवरचे नाव सोडले तर आत तोच माल. एखाद्याने दूर जाऊन वेगळे काही का विकू नये? कारण गिऱ्हाईक चिक्कीच मागत येते आणि प्रत्येकाला त्यातला आपला वाटा हवा असतो. रेडिओचे असेच होते, हे पीटर स्टायनर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९५२ मध्ये मांडले होते. त्याच्या म्हणण्याचा हिशेब साधा आहे. समजा शहरात हजार श्रोते आहेत. साडेसातशेंना ताजी हिट हिंदी गाणी हवीत आणि अडीचशेंना मराठी. पहिले स्टेशन अर्थातच हिट गाणी लावणार. दुसरेही तेच लावणार, कारण साडेसातशेंतले निम्मे म्हणजे पावणेचारशे, हे अडीचशेंपेक्षा जास्तच. तिसरेही तेच लावेल. त्याच्या वाट्याला बरोबर अडीचशे येतात. मराठीकडे वळण्याची बुद्धी व्हायला चौथे स्टेशन उजाडावे लागते, कारण हिटच्या पंगतीत बसले तर आता पाने १८७ वर आलेली असतात.

स्टायनरचा दुसरा निष्कर्ष अधिक गमतीचा आहे. एकाच मालकाकडे दोन स्टेशने असतील तर तो दोन्हीवर एकच माल ठेवणार नाही. स्वतःचेच गिऱ्हाईक स्वतः कशाला फोडेल? भारतात एफएमच्या तिसऱ्या टप्प्यात एका कंपनीला एकाच शहरात एकाहून अधिक वाहिन्या ठेवायची मुभा मिळाली आणि मुंबईत नेमके हेच घडले. एचटी समूहाची फीवर १०४ ताज्या गाण्यांसाठी होतीच. दुसरी वाहिनी मिळाल्यावर त्यांनी जुन्या गाण्यांचे ‘रेडिओ नशा’ काढले. स्पर्धकांनी जी विविधता दिली नाही, ती दोन दुकानांच्या एका मालकाने दिली. मुक्त स्पर्धेचा जप करणाऱ्यांनी या उदाहरणावर थोडे थांबावे.

सगळ्यांनी एकच गाणे लावायचे दुसरे कारण परवान्याच्या किमतीत आहे. २००१ मध्ये बंगळुरूत पहिले खासगी एफएम सुरू झाले तेव्हा परवाना शुल्क ठरावीक होते आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाणारे होते. मुंबईत ते एका वाहिनीला वर्षाला ९.७५ कोटी रुपये पडले. त्या ओझ्याखाली धंदा वाकल्यावर २००५ च्या धोरणाने एकदाच प्रवेश शुल्क आणि उत्पन्नाच्या ४ टक्के अशी पद्धत आणली. हे बरे झाले. पण २०१५ च्या लिलावात मुंबईतल्या एका वाहिनीची किंमत पुन्हा सुमारे १२३ कोटींवर गेली. परवाना १५ वर्षांचा. म्हणजे पहिले गाणे लावण्याआधीच दिवसाला सव्वादोन लाख रुपये अंगावर. ज्याच्या डोक्यावर हा मीटर चालू आहे, तो नवा गायक, नवा संगीतकार किंवा वेगळी बोली ऐकवण्याचा धोका पत्करेल कशाला? जे काल चालले तेच आज लावायचे, हे त्याचे गणित त्याच्या जागी चूक नाही. पुण्याचा परवाना मुंबईइतका महाग नसला तरी नियम तोच आहे, आणि त्याला उत्तरही तेच मिळते.

आता तर त्या गणितालाही घरघर लागली आहे. २०१९ मध्ये देशातल्या रेडिओ व्यवसायाची उलाढाल सुमारे ३,१०० कोटी रुपये होती. करोनाच्या वर्षात ती निम्म्याहून खाली आली आणि त्यानंतर चार वर्षे उलटली तरी जुना आकडा गाठता आलेला नाही. बिग एफएमची कहाणी यात बोलकी आहे. २०१९ मध्ये हे जाळे घेण्यासाठी रेडिओ सिटीच्या कंपनीने १,०५० कोटी रुपये मूल्य धरून व्यवहार जाहीर केला होता. तो बारगळला. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये सुमारे २६१ कोटींना दुसऱ्याच्या हाती पडली. जानेवारी २०२५ मध्ये टीव्ही टुडेने मुंबई, दिल्ली आणि कोलकात्यातली आपली १०४.८ ही वाहिनी गुंडाळायचा निर्णय घेतला. बाजारात लोक दुकान बंद करत असताना त्याच ओळीत, त्याच मालाचे नवे दुकान उघडायला निघालेल्या माणसाचे कौतुक करावे की त्याला हाताला धरून खाली बसवावे?

पुण्यातले कुठले स्टेशन किती ऐकले जाते, याचा भरवशाचा आकडाही कधी नव्हता. टॅम या संस्थेची रेडिओ-मोजणी दिल्ली, मुंबई, बंगळुरू आणि कोलकाता या चारच शहरांपुरती होती. निवडक घरांत डायऱ्या देऊन ती केली जाई. पुणे त्यात नव्हते. लोणावळा-वडगावचा तर प्रश्नच नव्हता. त्यामुळे पुण्यात प्रत्येक स्टेशन पहिल्या क्रमांकावर असते. यात भांडण होत नाही, हा एक फायदा.

गाण्यांच्या बाबतीत रेडिओची खरी स्पर्धा आता दुसऱ्या रेडिओशी राहिलेलीच नाही. गाडीत बसल्याबरोबर फोन जोडला जातो आणि हवे ते गाणे हवे तेव्हा वाजते, मध्ये कुणी बडबडत नाही. हिट गाणी हा ज्या स्टेशनचा एकमेव माल आहे, त्याचा माल फुकट वाटला जातो आहे. फोनला जे जमत नाही ते एकच: गाडी जिथे आहे तिथल्याबद्दल, त्या क्षणी, ओळखीच्या आवाजात बोलणे. रेडिओचा जीव तेवढ्यातच आहे.

आणि इथे मराठीचा मुद्दा येतो. तो अस्मितेच्या खात्यात टाकून मोकळे होण्यासारखा नाही, धंद्याचाच आहे. संगीतकार कौशल इनामदार यांनी सुरेश भटांच्या कवितेवर मराठी अभिमानगीत उभे केले आणि २७ फेब्रुवारी २०१० रोजी ते लोकांसमोर आले. त्यामागची ठिणगी त्यांनी अनेकदा सांगितली आहे: मराठी गाणी लावली तर वाहिनी हलक्या दर्जाची वाटते, असे त्यांना मुंबईतल्या एका खासगी एफएम वाहिनीत ऐकायला मिळाले होते. त्या अभिमानगीतानंतर सहा वर्षांनी ‘सैराट’ आला. ‘झिंगाट’ कुठल्या लग्नात वाजले नाही, हे शोधायला संशोधक नेमावा लागेल. २०२४ मध्ये संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ चित्रपटाच्या आधाराशिवाय देशभर नाचली. मराठी हिट गाणीच नाहीत, ही सबब आता चालण्यासारखी नाही. कोल्हापुरात ‘पुढारी’ समूहाचे टोमॅटो एफएम मराठीत बोलते आणि मराठी गाणी लावते. त्यामुळे कोल्हापूर हलक्या दर्जाचे झाल्याची तक्रार ऐकिवात नाही. पुण्यात नवा स्पर्धक यायचाच असेल तर स्टायनरच्या चौथ्या दुकानदाराचे शहाणपण घेऊन यावा. दिवसभर मराठी हिट गाणी, बोलणारा माणूस गावातला आणि ऐकणाऱ्याचा पत्ता माहीत असलेला. असे स्टेशन आले तर त्याला स्पर्धा म्हणता येईल.

पत्ता माहीत असणे म्हणजे काय, हे मावळात पावसाळ्यात कळते.

शनिवारी सकाळी पुण्या-मुंबईच्या गाड्या लोणावळ्याकडे वळतात. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी पडायला लागल्याची चित्रे फोनवर फिरतात आणि दुपारपर्यंत धरणाचा रस्ता, कार्ला फाटा, लोहगडाखालचा मळवलीकडचा रस्ता, सगळे तुंबते. गाडीतल्या रेडिओवर तेव्हा पुण्यातल्या विद्यापीठ चौकातल्या कोंडीची खबर चालू असते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या ओढ्याला अचानक पाणी वाढले आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला, चार जणांचा जीव गेला. एखाद्या रेडिओने हे टळले असते, असे म्हणणे उथळपणा होईल. पुलाची दुरुस्ती रेडिओ करत नाही. पण वर डोंगरात किती पाऊस पडतो आहे, कोणती जागा प्रशासनाने बंद केली आहे, कुठला पूल धोक्याचा आहे, हे त्या रस्त्यावरच्या हजारो गाड्यांना एकदम सांगू शकणारे साधन प्रत्येक गाडीत बसवलेले आहे. त्यावर त्या वेळी गाण्यांची उलटी गिनती चालू असते.

खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, हा नियम पुढे केला जातो. नियम आहेच, आणि तो अनाकलनीय आहे. वर्तमानपत्र काढायला, टीव्ही वाहिनी चालवायला, फोनवरून वाटेल ते पसरवायला मोकळीक असलेल्या देशात एफएमवाल्याने मात्र गावात काय घडले ते सांगायचे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटे बातम्यांची परवानगी द्यावी, अशी शिफारस केली आहे. पण वाहतूक, हवामान, पाणी-वीज, आपत्तीच्या सूचना, स्थानिक उत्सव, परीक्षांची माहिती हे सारे ‘बातमी’त धरायचे नाही, असे तिसऱ्या टप्प्याच्या धोरणातच लिहिलेले आहे. म्हणजे भुशीच्या रस्त्याची खबर द्यायला आजही कुणाची आडकाठी नाही. अडते ते एवढ्यावरच की पुण्याच्या स्टेशनला मावळात जाहिरातदार नाही, आणि जिथे जाहिरातदार नाही तिथे कोंडीही नसते.

या जागेवर सामुदायिक रेडिओ हा उपाय सुचवला जातो. तो चांगला आहे, पण अपुरा. साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून दुष्काळी माणच्या बायाबापड्यांशी त्यांच्या बोलीत बोलते आहे आणि ती ऐकली की पुण्या-मुंबईच्या आरजेंचे पाठ केलेले हसू फिके वाटते. मावळातही कृषी विज्ञानाची परंपरा आहे. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आला. तळेगावात जुन्या शिक्षणसंस्था आहेत, लोणावळ्यात १९२४ पासूनचे कैवल्यधाम आहे. अशा संस्थांना परवाना मागता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने सामुदायिक रेडिओला तासाला ७ ऐवजी १२ मिनिटे जाहिरातींची मुभा दिली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये केला. अडचण ताकदीची आहे. पुण्याच्या वर्गातल्या शहराला १० ते ३० किलोवॉट ताकदीने प्रक्षेपण करता येते, सामुदायिक रेडिओला १०० वॉट. सपाट माणदेशात तेवढ्यावर दहा-पंधरा किलोमीटर निभावतात. लोहगड-विसापूरच्या भिंतींपलीकडे, आंदर मावळाच्या खोऱ्यात, ते कुठवर जाईल? शिवाय हे काम गावच्या भल्याचे. द्रुतगती मार्गावरच्या मुंबईकराला थांबवून ऐकवायचे तर झिंगाटही हवे आणि धंद्याची अक्कलही.

तेव्हा हवे आहे ते घाटमाथ्यावरचे छोटे, खासगी, पैसे मिळवणारे मराठी स्टेशन. चिक्कीवाले, हॉटेलवाले, बंगले भाड्याने देणारे, तळेगाव-चाकणच्या कारखान्यांना माणसे पुरवणारे, कामशेतचे भात-बियाणांचे दुकानदार, हे त्याचे जाहिरातदार. शनिवार-रविवारची गर्दी हा त्याचा हंगाम. पुण्यात आणखी एक होण्यापेक्षा इथे पहिले होणे हा कमी खर्चाचा आणि जास्त गिऱ्हाइकांचा डाव आहे.

तो आज खेळता येत नाही. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. महाराष्ट्रातून लातूर, चंद्रपूर, मालेगाव, यवतमाळ अशी नावे त्यात आली, आणि ती यायलाच हवी होती. सीमाभाग आणि बेटे सोडली तर या टप्प्याची मोजपट्टी एक लाख लोकसंख्येची आहे, आणि ती शहरागणिक लावली जाते. लोणावळा त्यात बसत नाही. दर आठवड्याला येणारे पाहुणे जनगणनेत मोजले जात नाहीत, आणि रस्त्यावरच्या गाड्याही नाहीत. माहिती व प्रसारण मंत्रालयाने निदान एकाच तालुक्यातली गावे एकत्र मोजावीत, एवढीच मागणी मावळच्या आमदार-खासदारांनी लावून धरावी. २०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या ५७,६९८ होती आणि तळेगाव दाभाड्याची ५६,४३५. दोन्हींची बेरीज १,१४,१३३ होते.